शेळीच्या खाद्यात ओव्याचं तेल घालावं का?

मुरबाड-शहापूरकडे किंवा कल्याण-डोंबिवलीच्या कडेच्या गावांत चार शेळ्या राखणाऱ्याला हा प्रश्न पडतो. बाटली महाग असते, म्हणून आधी पोट समजून घेऊ.

चाऱ्यातले तंतू शेळी स्वतः पचवत नाही, तिच्या कोठीपोटातले सूक्ष्मजीव पचवतात. त्यात मिथेन वायू तयार होतो, ढेकरेवाटे बाहेर जातो, आणि चाऱ्यातली थोडी ऊर्जा वाया जाते. ओव्यातलं थायमॉल, लवंगेतलं युजेनॉल जंतूंना मारक. मिथेन करणारे दबले तर ऊर्जा वाचेल, असा हिशोब.

पण बघा, मात्रा वाढली की तंतू पचवणारेही दबतात आणि शेळी खाणं सोडते. शिवाय काही आठवड्यांत सूक्ष्मजीव तेलाला सरावतात. प्रयोगशाळेत दिसलेला फायदा गोठ्यात टिकेलच असं नाही.

म्हणून आम्ही सांगतो, निव्वळ तेल तोंडात पाजू नका. तोंड भाजतं, फुप्फुसात गेलं तर शेळी दगावते. पावसाळ्यात शेळी खंगली तर लेंडी तपासून पशुवैद्यकाकडून जंतनाशक घ्या. आधी पाला, कोरडा गोठा, पीपीआर आणि आंत्रविषाराची लस. एवढं झाल्यावर मग तेलाचं बघू.