एक्सबॉक्स की प्लेस्टेशन? आधी विहीर मोजा!

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी हे पर्जन्यछायेतील गाव. १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने तेथे पाणलोटाची कामे झाली, पावसाचे पाणी जागोजागी अडले आणि विहिरींची पातळी वाढली. परंतु गावाचे खरे शहाणपण त्यापुढचे आहे. पाणी आले म्हणून सर्वांनी ऊस लावला नाही. उसासारख्या तहानलेल्या पिकाला गावाने मनाई केली आणि कडधान्ये, तेलबिया अशा कमी पाण्याच्या पिकांना पसंती दिली. बाजारात भाव कशाला आहे, यापेक्षा आपल्या विहिरीत पाणी किती आहे, हा प्रश्न तेथे आधी विचारला गेला.

दहावीचा निकाल लागला किंवा दिवाळी जवळ आली, की शहरातील अनेक घरांत एक वेगळाच प्रश्न उभा राहतो. मायक्रोसॉफ्टचा ‘एक्सबॉक्स’ घ्यावा की सोनीचे ‘प्लेस्टेशन’? मुलांच्या तोंडी ‘टेराफ्लॉप’चे आकडे असतात आणि पालकांच्या डोळ्यांपुढे किमतीचे. पन्नास हजारांच्या आसपासची ही खरेदी एकदा केली, की पुढची सहा-सात वर्षे निभवावी लागते. एका यंत्राचा खेळ दुसऱ्यावर चालत नाही. म्हणूनच येथेही राळेगणचा हिशेब कामी येतो. पीक नंतर, पाणी आधी!

भारतात या दोन कंपन्यांची चुरस रंगली ती २००६-०७ मध्ये. सप्टेंबर २००६ मध्ये ‘एक्सबॉक्स ३६०’ आला, तर एप्रिल २००७ मध्ये ‘प्लेस्टेशन ३’ तब्बल ३९,९९० रुपयांना दाखल झाले. स्वस्त म्हणून एक्सबॉक्सकडे वळलेल्या ग्राहकांना पुढे लाल दिव्याच्या बिघाडाने सतावले. अखेर जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्या बिघाडापुरती हमी तीन वर्षांपर्यंत वाढवली. दुसरीकडे, महाग वाटणाऱ्या प्लेस्टेशनमध्ये ‘ब्ल्यू-रे’ चित्रपट पाहण्याची सोय होती आणि २००८ मध्ये प्रतिस्पर्धी ‘एचडी डीव्हीडी’ने मैदान सोडल्यावर तिचे मोल वाढले. दुकानातील किंमत म्हणजे पूर्ण किंमत नव्हे, हा त्या लढाईचा धडा.

सध्याच्या पिढीत ‘एक्सबॉक्स सीरिज एक्स’ व ‘सीरिज एस’ नोव्हेंबर २०२० मध्ये, तर ‘प्लेस्टेशन ५’ फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात आले. त्या वेळी ‘सीरिज एक्स’ आणि डिस्कवाले ‘प्लेस्टेशन ५’ या दोघांचीही किंमत ४९,९९० रुपये होती. डिस्कविना चालणारे प्लेस्टेशन ३९,९९० रुपयांना, तर ‘सीरिज एस’ ३४,९९० रुपयांना मिळे. पुढे दोन्ही कंपन्यांनी किमती वाढवल्या. कागदावर ‘सीरिज एक्स’ची ताकद १२ टेराफ्लॉप आणि प्लेस्टेशनची १०.२८, पण दोघांच्याही पोटात एएमडी कंपनीचीच चिप आहे. एकच खेळ दोन्हींवर लावला, तर सामान्य डोळ्याला फरक क्वचितच कळतो. तेव्हा निवड करायची ती अन्य गोष्टींवरून.

त्यातील पहिली गोष्ट म्हणजे इंटरनेट. आजचे मोठे खेळ १०० गिगाबाइटच्या घरात जातात. २० एमबीपीएसच्या जोडणीवर एवढा खेळ उतरवायला अकरा तासांहून अधिक वेळ लागतो. मोबाइलच्या दररोज दोन गिगाबाइटच्या पॅकवर तर पन्नास दिवस! ‘सीरिज एस’ला डिस्कची खाचच नाही, त्यामुळे त्याचा प्रत्येक खेळ नेटवरूनच येणार. पुण्यात फायबरची जोडणी असलेल्या घराला याची झळ लागत नाही. पण सुट्टीत कन्सोल घेऊन गावी जायचे असेल, तर आवश्यक खेळ आधीच उतरवून ठेवावे लागतात. विजेच्या बाबतीत मात्र ‘सीरिज एस’ काटकसरी आहे. प्लेस्टेशन खेळताना साधारण २०० वॉट खेचते, तर ‘सीरिज एस’ शंभराच्या आत राहतो. इन्व्हर्टरवर घर चालवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट मालकीची. नवा मोठा खेळ चार-पाच हजार रुपयांना पडतो. वर्षाला चार घेतले, तरी तीन वर्षांत यंत्राइतकाच खर्च होतो. डिस्क असेल, तर खेळून झाल्यावर ती मित्राला देता येते, बदलता येते, विकताही येते. ‘प्लेस्टेशन ५’वर ‘प्लेस्टेशन ४’च्या जुन्या डिस्कही बहुतांशी चालतात. याउलट एक्सबॉक्सचा भर ‘गेम पास’ या वर्गणीवर आहे. मासिक शुल्क भरले, की शेकडो खेळांचे दार उघडते. मात्र वर्गणी थांबली, की दारही बंद होते. शिवाय शुल्क वाढवणे कंपनीच्या हाती असते. खूप खेळ थोडे थोडे चाखणाऱ्या मुलाला वर्गणी परवडते. एकच खेळ महिनोन्‌महिने खेळणाऱ्याला डिस्क.

तिसरी गोष्ट आवडीची. ‘गॉड ऑफ वॉर’ आणि ‘स्पायडरमॅन’ हे सोनीचे गाजलेले खेळ एक्सबॉक्सवर आलेले नाहीत. उलट, एकेकाळी एक्सबॉक्सची ओळख असलेल्या मालिकेतील ‘फोर्झा होरायझन ५’ एप्रिल २०२५ मध्ये ‘प्लेस्टेशन ५’वरही आला. फुटबॉल, क्रिकेट आदी लोकप्रिय खेळ दोन्हीकडे मिळतात. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने घडवलेला ‘राजी’ हा खेळही २०२० मध्ये आधी निन्टेन्डोच्या ‘स्विच’वर आणि नंतर प्लेस्टेशन व एक्सबॉक्स या दोन्हींवर आला. मुलाला नेमके काय खेळायचे आहे, याची यादी त्याच्याकडूनच लिहून घ्यावी. अर्धा वाद तेथेच मिटतो.

शेवटची गोष्ट वेळेची. कन्सोलला दूरचित्रवाणी संच लागतो आणि बहुतेक घरांत तो एकच असतो. आजीची मालिका, बाबांच्या बातम्या आणि अभ्यास यांतून उरणारे तास किती, हे आधी मोजायला हवे. आठवड्याला चारच तास मिळणार असतील, तर शेकडो खेळांची वर्गणी भरणे म्हणजे कोरड्या विहिरीवर ऊस लावणे होय.

तात्पर्य, नेट बेताचे आणि डिस्कची देवाणघेवाण करणारे मित्र असतील, तर डिस्कवाले प्लेस्टेशन बरे. नेट भक्कम, हाताशी पैसा कमी आणि नवनव्या खेळांची हौस असेल, तर ‘सीरिज एस’ पुरेसा आहे. कोणते यंत्र श्रेष्ठ, यावर मुले वर्षभर भांडत राहतील. राळेगणमध्येही ऊस वाईट पीक आहे, असे कोणी म्हटले नव्हते. तो आपल्या पाण्यात बसत नाही, एवढेच गावाने ओळखले होते.