कॉबची चार चित्रं, लॉइडचं एकही नाही!

बबलगमबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रं जमवण्याचं वेड आपल्याकडेही होतं. आई-बाबांना विचारून पाहा, एखादा गठ्ठा अजून कपाटात सापडेल! अमेरिकेतल्या मुलांना असंच वेड होतं बेसबॉलपटूंच्या चित्रांचं. तेही शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, बरं का!

त्यांतला सर्वांत गाजलेला संच म्हणजे ‘टी-२०६’. अमेरिकन टोबॅको कंपनीने तो १९०९ ते १९११ या काळात काढला. तळहातात सहज मावणारी पाचशेहून जास्त रंगीत चित्रं! पण ती मिळायची कुठे? सिगारेटच्या पाकिटात! पाकीट घेणारी मोठी माणसं आणि चित्रासाठी त्यांच्या मागे लागणारी मुलं.

या संचात कोण हवं होतं, यावर संग्राहक आजही वाद घालतात. चला दोस्तांनो, आपणही घालू या!

पहिलं नाव पिट्सबर्गच्या होनस वॅग्नरचं. त्याचं चित्र छापलं गेलं, पण लवकरच थांबलं, कारण त्याची परवानगीच नव्हती. आपल्या चित्रापायी मुलांनी सिगारेट घेऊ नये, असं त्याला वाटे म्हणतात. काहींच्या मते पैशांवरून बिनसलं. ते काही असो, त्याची मोजकीच चित्रं उरली आहेत. २०२२ साली त्यांतलं एक ७२ लाख ५० हजार डॉलरला विकलं गेलं!

दुसरा बेब रूथ. नाव केवढं मोठं! पण तो व्यावसायिक खेळात उतरला १९१४ साली. म्हणजे बाद.

तिसरा जो जॅक्सन. १९११ साली त्याची फलंदाजीची सरासरी होती .४०८. बेसबॉलमध्ये .३०० म्हणजेसुद्धा उत्तम! पण १९०९ मध्ये तो अगदी नवखा होता. त्याला वगळणाऱ्यांना माफ करता येईल.

आता चौथा, जॉन हेन्री लॉइड. वॅग्नरसारखाच शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा राखणारा. १९१० च्या हिवाळ्यात डेट्रॉईटचा संघ क्यूबात हवानाला खेळायला गेला. त्या संघात होता टाय कॉब, त्या काळचा नामांकित फलंदाज. समोर होता लॉइड, आणि फलंदाजीत त्याने कॉबला मागे टाकलं! तरीही संचात कॉबची चित्रं चार आणि लॉइडचं एकही नाही.

का? कारण लॉइड कृष्णवर्णीय होता. मोठ्या लीगमध्ये तेव्हा कृष्णवर्णीयांना घेतच नसत. ते दार उघडलं १९४७ साली, जॅकी रॉबिन्सनने. कूपर्सटाउनच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये वॅग्नर आणि कॉब यांची निवड पहिल्याच वर्षी, १९३६ साली झाली. लॉइडची झाली १९७७ साली. तेव्हा तो हयात नव्हता.

काही जण म्हणतात, जुना संच आहे तसा असू द्या, तो त्या काळाचा पुरावा आहे. बरोबरच आहे! पण मग त्याला ‘त्या काळचे सर्वोत्तम खेळाडू’ म्हणू नका. वॅग्नर आपणहून बाहेर राहिला, रूथ उशिरा आला. लॉइडला मात्र बाहेर ठेवलं गेलं. तीन रिकाम्या जागा, पण तिन्ही सारख्या नाहीत.

आता तुम्हीही तुमच्या आवडत्या खेळाचा पन्नास खेळाडूंचा संच करा. मित्रांशी खुशाल वाद घाला. फक्त एक करा, निवडीचे नियम आधी कागदावर लिहा. आणि यादी झाली की विचारा, ‘कोण राहिलं, आणि का राहिलं?’