खारेपाटातील बांध आणि चढता समुद्र

पेण व रोहे तालुक्यांतील खाडीकाठच्या सखल पट्टीस खारेपाट म्हणतात. धरमतर खाडीकडे वाहणाऱ्या अंबा, भोगावती व पाताळगंगा आणि रेवदंड्याकडे जाणारी कुंडलिका यांच्या काठची ही जमीन मोठ्या भरतीच्या पातळीखाली असते. तीत भात पिकते ते मातीच्या बांधामुळे.

१९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर वाढली. २००६ ते २०१८ मध्ये वाढीचा वेग वर्षास सुमारे ३.७ मिलिमीटर होता. ही वाढ भाताच्या दाण्याच्या लांबीहूनही कमी असल्याने ती कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. परंतु अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणास वारा व नदीचा पूर यांची जोड मिळाली म्हणजे बांधाची कसोटी लागते, आणि तेव्हा चार बोटांचाही फरक पडतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले होते, हे वाचकांच्या स्मरणात असेलच.

खांड बहुधा लहान कारणाने पडते. खेकड्याच्या बिळातून पाणी झिरपू लागते, माती वाहून जाते आणि एका भरतीत बांध खचतो. उघाडीच्या झडपेत ओंडका किंवा गाळ अडकला तर बांध शाबूत असूनही खारे पाणी आत शिरते. म्हणून कापणीनंतर बांधाची पाहणी करून बिळे चिकणमातीने ठोकून बुजवावी, खचलेला माथा उंच करावा. भरावाची माती बांधाच्या पायथ्याशी खणून घेऊ नये. बाहेरील तिवरे लाटांचा जोर मोडतात, ती तोडणे म्हणजे आपल्याच बांधाचे कवच काढणे होय.

पूर्वी खातेदार एकत्र येऊन हे काम करीत, त्यास जोळ म्हणत. मुंबई राज्याचा खारभूमी कायदा १९४८ साली व महाराष्ट्राचा १९७९ साली झाला. शासकीय योजनांमुळे मोठी कामे झाली, परंतु बिळाकडे रोज पाहणारा डोळा गावचाच हवा, असे आमचे मत आहे. खांड लवकर बुजविली नाही तर शेतात तिवरे रुजतात. त्यांना कायद्याचे संरक्षण असल्याने ती जमीन पुन्हा लागवडीस आणणे अतिशय कठीण होते.

खारे पाणी येऊन गेलेल्या शेताचा मुख्य उपाय पाऊस हाच आहे. बांधबंदिस्ती करून पावसाचे पाणी शेतात साठवावे, चिखलणी करावी आणि ओहोटीच्या वेळी ते उघाडीवाटे सोडून द्यावे. असे अनेकदा करावे. माती परीक्षणाशिवाय जिप्समवर पैसा खर्च करू नये. उन्हाळ्यात जमिनीतील क्षार ओलाव्याबरोबर वर चढतात. कापणी होताच ओल असताना नांगरट केल्यास अथवा पेंढ्याचे आच्छादन केल्यास ते चढणे कमी होते.

भाताचे रोप कोवळे असताना व फुलोऱ्यात क्षारास फार नाजूक असते. यास्तव लावणीस थोडी जून रोपे घ्यावी व एका चुडात नेहमीपेक्षा अधिक रोपे लावावी. मोड आलेले बी फेकून रहू पेरणी करणाऱ्यांनी क्षार धुऊन गेल्याची खात्री आधी करावी. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने काढलेल्या पनवेल १, पनवेल २ व पनवेल ३ या जाती क्षार सहन करतात. त्यांच्या बियाण्याची मागणी ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी उन्हाळ्यातच नोंदवावी.