मध्यस्थी आहे, मग वकील कशाला?

वाटणीचा दावा मध्यस्थीकडे गेला की नात्यातलं कुणीतरी वडीलधारं हमखास म्हणतं, "आता वकिलांना बाहेर ठेवा. वकील आत आला की समेट मोडलाच." हे इतक्यांदा कानावर पडलं आहे की आता चीड येते. कारण या सल्ल्याचा फटका बसतो तो बहुतेकदा घरातल्या सर्वांत गप्प माणसाला: सासरी गेलेल्या बहिणीला, विधवा भावजयीला, नाहीतर आईला.

मध्यस्थ तटस्थ असतो. तो निकाल देत नाही आणि कुणा एकाच्या बाजूने कायदेशीर सल्लाही देत नाही. मग बहिणीला तिचा हिस्सा सांगणार कोण? हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, 9 सप्टेंबर 2005 रोजी, वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केलं. हे सगळं कळल्यावरही ती हिस्सा सोडू शकते, तो तिचा अधिकार आहे. पण काहीच माहीत नसताना, माहेर तुटेल या धाकाने हक्कसोडपत्रावर केलेल्या सहीला समेट म्हणू नका. फसवून सही घेतली, असं म्हणत हेच कागद पुढे पुन्हा कोर्टात येतात.

वकील आला की समेट मोडतो, हा गैरसमज पोसण्यात काही वकिलांचाही हात आहे, हे मान्य करायला हवं. मध्यस्थीच्या टेबलावर ते उलटतपासणीला उभे राहिल्यासारखे बोलतात. इथे वकिलाचं निम्मं काम बैठकीच्या आधीच व्हायला हवं. सातबारा, फेरफार, प्रॉपर्टी कार्ड, कर्जाचा बोजा, दागिने, ठेवी यांची यादी हाती हवी. आपल्या पक्षकाराला जमीन हवी, पैसा हवा की राहतं घर, हे एकांतात विचारून घ्यायला हवं. खटला चालवला तर किती वर्षं जातील आणि काय हाती लागेल, हेही त्याला खरंखरं सांगायला हवं. बैठकीत पक्षकाराने बोलावं. आईने जे सांगायचं ते तिच्या तोंडूनच धाकट्या मुलापर्यंत पोचतं. वकिलाने ऐकावं, आकडे तपासावेत, गरज पडली तर स्वतंत्र बैठक मागावी. पक्षकाराच्या स्पष्ट सूचनेशिवाय त्याचा हक्क सोडून देण्याची मुभा वकिलाला नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये बजावलं आहे.

"आमचे घरचेच वकील आहेत, सगळ्यांचं तेच बघतील," हा दुसरा धोका. ज्याने एका भावाला वाटणीबद्दल सल्ला दिला, त्याने त्याच वादात दुसऱ्या भावाचं वकीलपत्र घेऊ नये, असा बार कौन्सिलचा नियम आहे. वडिलांचं मृत्युपत्र ज्याने तयार केलं आणि आता त्याच मृत्युपत्रावर भांडण आहे, अशा वकिलाने तर बाजूलाच व्हावं, उद्या त्याला साक्षीला बोलावलं जाऊ शकतं. हिस्सा मिळाला की त्यातले अमुक टक्के, अशी फी ठरवायलाही नियमांत मनाई आहे.

बाकीच्या गैरसमजांना थोडक्यात उत्तरं. मध्यस्थीत बोललेलं कोर्टात वापरता येत नाही. समोरच्याने तिथे देऊ केलेली रक्कम नंतर उलटतपासणीत काढणारा वकील गोपनीयता मोडतो. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून हिस्सा जात नाही. ती महसुलाची नोंद आहे. नॉमिनी मालक होत नाही. वारसांची रक्कम तो फक्त स्वीकारतो. सगळंच मध्यस्थीत मिटतं असंही नाही: सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 च्या ॲफकॉन्स निकालाने कुटुंबातल्या वाटणीचे दावे त्यासाठी योग्य मानले, प्रोबेटचे, म्हणजे मृत्युपत्र शाबीत करण्याचे, मात्र नाहीत.

समेट झाला की मसुद्याकडे लक्ष द्या. "घर थोरल्याकडे, शेत धाकट्याकडे" एवढं लिहून भागत नाही. गट नंबर, मोजणीचा खर्च, ताबा देण्याची तारीख, मुद्रांक शुल्क कोण भरणार, आई कुठे राहणार आणि तिचा औषधपाण्याचा खर्च कोण करणार, हे सगळं कागदावर हवं. कागदानेच स्थावर मिळकतीत नवा हक्क निर्माण होत असेल तर नोंदणीचा प्रश्न आधी तपासावा. आणि दाव्यात कुणी वारस अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, असेल तर त्याच्या वतीने आईने सही करून चालत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 32, नियम 7 प्रमाणे कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. ती नसेल तर त्या मुलाच्या वतीने सगळी तडजोड रद्द करून मागता येते.