भरतीचं गाव आणि तरंगती गोदी

कल्याणला दुर्गाडीच्या पायथ्याशी उल्हास नदीची खाडी होते. दिवसातून दोनदा पाणी चढतं, दोनदा उतरतं. उतरलं की काठचा काळा चिखल उघडा पडतो. पुलावरच्या कोंडीत अडकलेल्या माणसाला त्यात बघण्यासारखं काही वाटणार नाही. पण १६५७च्या ऑक्टोबरात कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि स्वराज्याचं आरमार याच परिसरात उभं राहू लागलं. त्यामागच्या कारणांत हा चिखलही धरावा, असं मला वाटतं. गलबत भरतीबरोबर काठाला घ्यायचं, पाणी ओसरलं की कुशीवर कलंडू द्यायचं, तळाचं शेवाळ नि शिंपले खरवडायचे, फटी बुजवायच्या आणि पुढच्या उधाणाला परत पाण्यात लोटायचं. गोदी आयतीच होती. अडचण होती ती जाणत्या कारागिरांची. रुय लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज आणि त्याचा मुलगा १६५९मध्ये महाराजांच्या गलबतांच्या कामावर होते. वसईच्या पोर्तुगीज कप्तानाने त्यांना फितवलं आणि ते गुपचूप निघून गेले. काम मात्र थांबलं नाही.

पुढे मुंबईनेही भरतीवरच धंदा उभारला. लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून आले, १७५०मध्ये मुंबईची पहिली सुकी गोदी तयार झाली. उधाणाला मुंबईत पाणी साडेचार-पाच मीटर चढउतार करतं. दार उघडून भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीला बरंचसं पाणी आपोआप बाहेर जाऊ द्यायचं, उरलेलं उपसायचं. दगडी हौद, एक दार आणि चंद्र, एवढ्या भांडवलावर वाडियांनी इंग्रजांच्या आरमाराला सागवानी जहाजं पुरवली. त्यांतलं १८१७चं ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे.

ज्या गावी भरतीच नाही तिथे काय करायचं? श्रीलंकेतलं खुद्द ट्रिंकोमाली तसंच. बंदर देखणं, खोल, चहूबाजूंनी सुरक्षित; पण पाण्याची चढउतार मीटरभरसुद्धा नाही. बर्म्युडात दुसरीच पंचाईत. तिथला चुनखडीचा दगड इतका सच्छिद्र, की खणलेल्या हौदात पाणी पाझरत राहायचं. म्हणून १८६९मध्ये इंग्लंडहून एक अख्खी लोखंडी गोदी युद्धनौकांनी ओढत अटलांटिकपार नेली.

तरंगत्या गोदीची रचना सांगायला सोपी आहे. पोकळ तळ, दोन बाजूंना पोकळ उंच भिंती, पुढून-मागून मोकळी. झडपा उघडल्या की टाक्यांत पाणी शिरतं आणि गोदी हवी तेवढी बुडते. जहाज दोरांनी आत ओढून मधल्या रेषेवर आणायचं. खाली ठोकळे आधीच मांडलेले असतात, त्या जहाजाच्या तळाच्या नकाशाबरहुकूम. मग पंप सुरू. जहाज ठोकळ्यांवर टेकतं आणि गोदी त्याला घेऊन वर येते. खरी मेख पुढे आहे. जहाजाचं वजन सगळीकडे सारखं नसतं. तोफांचे बुरूज आणि दारूगोळा जिथे, तिथे भार जास्त. म्हणून कुठली टाकी कधी आणि किती उपसायची, याचा हिशेब प्रत्येक जहाजागणिक वेगळा. तो चुकला तर गोदीचा कणा वाकतो.

तो चुकला ८ ऑगस्ट १९४४ रोजी, आणि त्या गोदीचा जन्म मुंबईचा होता.

फेब्रुवारी १९४२मध्ये सिंगापूर पडलं, तेव्हा तिथली ५० हजार टनांची तरंगती गोदीही ब्रिटिशांच्या हातून गेली होती. पूर्वेच्या आरमाराला नवी गोदी हवी होती. ती मुंबईत बांधली गेली. नाव नाही, नुसता क्रमांक: अ‍ॅडमिरल्टी फ्लोटिंग डॉक २३. युद्धनौकांना नावं, बिरुदं, चरित्रं. गोदीला क्रमांक, हा आरमारी न्याय मला कधीच पटलेला नाही. ही गोदी ट्रिंकोमालीला नेण्यात आली आणि तिच्यावर ‘व्हॅलियंट’ चढली.

‘व्हॅलियंट’ म्हणजे पहिल्या महायुद्धातली, जटलंडची लढाई पाहिलेली युद्धनौका. डिसेंबर १९४१मध्ये अलेक्झांड्रिया बंदरात पाण्याखालून आलेल्या इटालियन सैनिकांनी तिच्या तळाखाली सुरुंग उडवला, त्यातूनही ती वाचली. ट्रिंकोमालीत ती गोदीत शिरली तेव्हा पोटात दारूगोळा भरलेलाच होता. टाक्या उपसण्याचा क्रम तिच्या भाराशी जुळला नाही; गोदीच्या टोकांवर ताण आला, गोदी मोडली आणि बुडाली. बॉयलर पेटते होते म्हणून नौका स्वतः बचावली, पण आतले दोन पंखे नि सुकाणू कामातून गेलं. दुरुस्तीसाठी तिला अलेक्झांड्रियाकडे धाडलं. धड वळता येईना, धड थांबता येईना, अशा अवस्थेत ती सुएझपर्यंत पोचली, पण तशा स्थितीत कालव्यात शिरणं अशक्य होतं. पुन्हा ती लढली नाही. शत्रूच्या सुरुंगाला जे जमलं नाही, ते आपल्याच पंपांनी केलं. मुंबईची गोदी तिथेच तळाशी गेली. तिची सेवा महिन्यांतच मोजावी लागते.

हिशेब फक्त तरंगत्या गोदीचाच अवघड, असं नाही. ५ डिसेंबर २०१६ला मुंबईच्या नौदल गोदीत ‘आयएनएस बेतवा’ सुक्या गोदीतून बाहेर काढताना कलंडली आणि दोन नौसैनिक गेले. डोंबिवलीहून, ठाण्याहून सकाळची फास्ट पकडून लायन गेटपाशी पोचणाऱ्या डॉकयार्डच्या माणसांना ‘डॉकिंग’ आणि ‘अनडॉकिंग’ या शब्दांतली धास्ती समजावून सांगावी लागत नाही. ठोकळा चार बोटं सरकला तरी त्यांचा जीव वरखाली होतो.

भारतीय नौदलाने तरंगती गोदी ठेवली ती मुंबईत नव्हे, पोर्ट ब्लेअरला. हेही त्याच भूगोलाचं गणित. अंदमानात तैनात नौकेला तळ साफ करायचा तर विशाखापट्टणम किंवा चेन्नई गाठायचं, म्हणजे एका बाजूने सुमारे १२०० किलोमीटर. गस्तीचे चार-पाच दिवस नुसते येण्याजाण्यात जाणार. म्हणून १९८०च्या दशकात जपानहून ‘एफडीएन-१’ आली, साडेअकरा हजार टन उचलणारी. दुसरी, ‘एफडीएन-२’, चेन्नईजवळ कट्टुपल्लीला लार्सन अँड टुब्रोने बांधली. २० जून २०१७ला ती पाण्यात उतरली. १८५ मीटर लांब, ४० मीटर रुंद, उचलण्याची ताकद आठ हजार टन, खर्च ४६८ कोटी. पहिलीपेक्षा कमी उचलते म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. बेटांवरच्या गस्ती नौका आणि कॉर्वेट यांना एवढी पुरते, आणि एक गोदी जहाजाने अडली असेल तेव्हा दुसरी मोकळी असते. मोठी विमानवाहू नौका मात्र तिच्यावर चढणार नाही. तिला मुंबई किंवा कोची गाठावीच लागते.