वर्गातली टक् टक्

आमच्या सातवीच्या वर्गावरून जाताना सारखा टक् टक् असा आवाज येतो. शाळेत आलेले पालक विचारतात, की वर्गात सुतारकाम चालतं की काय? सुतारकाम नव्हे, लिहिणं चालतं. आमच्या एका मैत्रिणीला जन्मापासून दिसत नाही. ती ब्रेल लिपीत लिहिते. ते कसं, आणि आमच्याबरोबर बसून ती कशी शिकते, हे सर्वांना कळावे म्हणून गुरुजींनी मला हा लेख लिहायला सांगितला. मी तिच्या शेजारी बसते. तिला विचारूनच लिहीत आहे. नाव मात्र घालू नको म्हणाली.

ही लिपी लुई ब्रेल याने तयार केली. तो फ्रान्स देशात पॅरिसजवळच्या कूव्रे गावी ४ जानेवारी १८०९ रोजी जन्मला. (३ जानेवारीला आपण सावित्रीबाईंची जयंती करतो, तिच्या दुसऱ्या दिवशी. लक्षात ठेवायला सोपं!) त्याचे वडील घोड्यांचे साज शिवत. तीन वर्षांचा असताना तिथे खेळता खेळता त्याच्या डोळ्यात आरी गेली, आणि पुढे दुसऱ्याही डोळ्याने दिसेनासे झाले. दहाव्या वर्षी तो पॅरिसच्या अंधशाळेत गेला. सैन्यात काम केलेल्या बार्बिये नावाच्या गृहस्थांनी ठिपक्यांची एक लिपी केली होती. पण तिच्यात एका खुणेला बारापर्यंत ठिपके, ते एका बोटाखाली मावत नसत. लुईने सहावर भागवलं. हे १८२४ साल, आणि तो होता पंधरा वर्षांचा. ठिपके टोचायची लेखणीही जवळजवळ आरीसारखीच दिसते.

सहा ठिपके म्हणजे दोन उभ्या रांगा. डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. त्यातले कोणते उठले आहेत त्यावरून अक्षर कळते. अशा ६३ खुणा होतात. १ आणि ३ म्हणजे क. १, ३, ४ म्हणजे म. १, २, ३ म्हणजे ल. झालं की कमल! आपल्या देशात पूर्वी निरनिराळ्या ब्रेल लिप्या होत्या, १९५१ पासून भारती ब्रेल ही एकच ठरली. त्यामुळे मराठीतला क आणि गुजरातीतला क बोटाला सारखाच लागतो. काना-मात्रा वेगळ्या नाहीत, अक्षरापुढे सरळ स्वर लिहायचा.

लिहिण्याची मात्र गंमत आहे. जाड कागद पाटीत अडकवून वरून टोचलं की ठिपका उठतो मागच्या बाजूला. म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडे, सगळी अक्षरं उलटी, आणि कागद पालटून वाचायचं डावीकडून उजवीकडे. आम्ही सर्वांनी करून पाहिलं. तीन अक्षरांत घाम फुटला. ती शुद्धलेखन आमच्या बरोबरीने संपवते.

हे ती पहिली-दुसरीत परगावच्या अंधांच्या निवासी शाळेत शिकली. तिसरीत घरी आली, कारण आईवाचून तिला करमेना. आता तालुक्याहून विशेष शिक्षिका बाई येतात, त्या तिचं ब्रेल तपासतात. गुरुजींना ब्रेल येत नाही. एरवी ती उत्तर वाचून दाखवते आणि ते गुण देतात. पेपरला तिला लेखनिक मिळतो आणि वेळ थोडा जास्त मिळतो.

एका सभेत असा विषय निघाला होता, की अशी मुलं वर्गात घेतली तर बाकीच्यांचा अभ्यास मागे पडतो. त्यावर मी घडलेलं सांगते. पूर्वी गुरुजी फळ्यावर गणित लिहून "हे इथे आलं, ते तिकडे गेलं" असं म्हणत. आता ते लिहिताना बोलतात, "चोवीस भागिले सहा बरोबर चार." मागच्या बाकावरच्या पोरांना फळा कुठे धड दिसतो? त्यांचीही गणितं आता बरोबर येऊ लागली. भूगोलात आम्ही तिच्यासाठी महाराष्ट्राचा नकाशा केला. सीमेला सुतळी, सह्याद्रीला चिंचोके, नद्यांना लोकर. त्यावर बोट फिरवताना तिनेच विचारलं, की गोदावरी त्र्यंबकेश्वरला निघते, समुद्र तर इथे बोटभर अंतरावर आहे, मग ती उलटी एवढी लांब बंगालच्या उपसागराकडे का जाते? पुस्तकात तो नकाशा आम्ही शंभरदा पाहिला होता, कुणाला हे सुचलं नव्हतं. मग सह्याद्री आणि पठाराचा उतार आम्हांला असा कळला, की परीक्षेत तो प्रश्न कुणीच सोडला नाही.

भूमितीला जुन्या ट्यूबचे रबर उपयोगी पडते. त्यावर कागद ठेवून रिकाम्या पेनाने रेघ दाबायची, मागे ती उठते. पैसे काही लागत नाहीत.

दुसरीत कानाला यंत्र लावणारा एक मुलगा आहे. त्याच्याशी बोलताना तोंड त्याच्याकडे हवं, फळ्याकडे नको, एवढंच. कुणाला अक्षरं उलटसुलट दिसतात, त्याला तोंडी विचारावं. बाई म्हणतात, प्रत्येकाची किल्ली निराळी.

आता पालकांसाठी. पुढच्या वर्षी आम्ही आठवीला शेजारच्या गावी जाणार. तिच्या आईला काहीजणी सांगतात, आता बास झालं, पोरीला घरी ठेव. तसं सांगू नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने चौदा वर्षांपर्यंत शिक्षण हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे. २०१६ च्या दिव्यांगांच्या कायद्यात तर २१ प्रकार दिले आहेत. चाळीस टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल, तर अठरा वर्षांपर्यंत शिक्षण मोफत. जवळच्या शाळेत जायचं की विशेष शाळेत, ते त्यांनी ठरवायचं. ती जवळच्या शाळेत यायचं म्हणते. रस्ता अडीच किलोमीटर आहे, मध्ये ओढा. आम्ही चौघी बरोबर असू, पण ओढ्यावरच्या साकवाला कठडा नाही. ग्रामपंचायतीत कुणाचे वडील असतील तर त्यांनी तेवढं बघावं.

या लेखाच्या खाली तिने टोचलेली पट्टी लावली आहे. पहिलीच्या पोरांचाही हात पोचावा म्हणून खाली. वरच्या ओळीत कमल आहे. दुसरी ओळ शेजारच्या तक्त्यावरून ज्याला लागेल त्याने तिला येऊन सांगावी. डोळे मिटून बोट हलकेच न्यावे, दाबू नये. ठिपके बसतात. पहिली पट्टी तशीच सपाट झाली, ही दुसरी आहे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी