नव्वद अंशांचं वळण

इंजिन आडवं बसवायचं आणि पुढचीच चाकं फिरवायची, ही रीत जगभरच्या छोट्या गाड्यांना लाँगब्रिजच्या कारखान्याने लावली. आणि पुढे याच कारखान्याने, मुळात आडव्या इंजिनाच्या एका गाडीत जवळजवळ दुप्पट मोठं इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलं आणि सगळा जोर मागच्या चाकांकडे नेला. एमजी झेडटी २६० हे त्या गाडीचं नाव. मोटारींच्या इतिहासात तिला दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाही. माझ्या मते मात्र मोटार म्हणजे काय हे समजून घ्यायला तिच्याइतकी चांगली गाडी दुसरी नाही.

बर्मिंगहॅमच्या नैर्ऋत्येला असलेला हा कारखाना हर्बर्ट ऑस्टिन यांनी १९०५ मध्ये सुरू केला. १९५६ च्या सुएझ संकटात इंग्लंडमध्ये पेट्रोलची टंचाई झाली आणि कमी पेट्रोल पिणाऱ्या छोट्या गाडीची निकड भासली. अॅलेक इसिगोनिस यांनी १९५९ मध्ये दिलेलं उत्तर म्हणजे मिनी. गाडीची लांबी जेमतेम दहा फूट, आणि आत चार माणसं. हे जमलं ते ८४८ सीसीचं इंजिन आडवं ठेवून, गिअरबॉक्स त्याच्याच पोटाखाली बसवून आणि पुढची चाकं फिरवून. मागे जाणारा लांब शाफ्ट नाही, मागे डिफरन्शिअल नाही. वाचलेली सगळी जागा माणसांना मिळाली. आपल्याकडे पद्मिनी आणि अँबॅसडरच्या काळात इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना असायचा. १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि आपणही आडव्या इंजिनाच्या घराण्यात गेलो.

रोव्हर ७५ ही याच घराण्यातली मोठी, घरंदाज गाडी. १९९८ मध्ये ती जगासमोर आली तेव्हा रोव्हर कंपनी बीएमडब्ल्यूच्या ताब्यात होती. २००० मध्ये बीएमडब्ल्यूने अंग काढून घेतलं आणि कंपनी अवघ्या दहा पौंडांना विकली. ७५ ची जुळणी काउलीच्या कारखान्यातून लाँगब्रिजला आली आणि बीएमडब्ल्यूने स्वतःकडे ठेवलेल्या नव्या मिनीचं काम काउलीला गेलं. नव्या एमजी रोव्हर कंपनीकडे नवी गाडी मुळापासून घडवण्याइतका पैसा नव्हता, पण माणसं अनुभवी होती. त्यांनी डिझायनर पीटर स्टीव्हन्स यांच्या हाताखाली ७५ ला कसदार सस्पेन्शन आणि धारदार रूप देऊन २००१ मध्ये एमजी झेडटी काढली. अडीच लिटरचं व्ही-सिक्स इंजिन, १९० अश्वशक्ती, जोर पुढच्या चाकांना.

इथून पुढे वाढायचं तर पुढच्या चाकांची अडचण होती. गाडी वेग घेते तेव्हा तिचं वजन मागे सरकतं आणि पुढची चाकं हलकी होतात. म्हणजे पकड सर्वांत जास्त हवी असते, नेमकी तेव्हाच ती कमी होते. शिवाय त्याच चाकांना वळायचंही असतं. जोर फार वाढला की स्टिअरिंग हातात ओढ घ्यायला लागतं. मागच्या चाकांना जोर दिला तर हेच मागे सरकणारं वजन पकड वाढवतं, आणि पुढच्या चाकांकडे फक्त वळण्याचं काम उरतं.

म्हणून जोर मागे न्यायचं ठरलं. रॅलीच्या मैदानात नाव कमावलेल्या बॅनबरीच्या प्रॉडराइव्हची मदत घेतली गेली. इंजिन निवडलं फोर्ड मस्टँगचं: ४.६ लिटर, आठ सिलिंडर.

या कामाची अवघड जागा कुठे आहे ते नीट पाहण्यासारखं आहे. आडव्या इंजिनात क्रँकशाफ्ट चाकांच्या अॅक्सलला समांतर फिरतो. क्रँकपासून चाकांपर्यंत सगळं एकाच दिशेच्या अक्षांवर फिरतं, आणि डिफरन्शिअल गिअरबॉक्सच्याच पेटीत मावतं. इंजिन नव्वद अंशांत फिरवून उभं केलं की क्रँकशाफ्ट गाडीच्या लांबीला समांतर होतो. आता जोर गिअरबॉक्समधून प्रोपेलर शाफ्टवर, आणि शाफ्टवरून मागच्या अॅक्सलपर्यंत जाणार. तिथे त्याला काटकोनात वळवावं लागतं. ते काम क्राऊन आणि पिनियन करतात: शाफ्टच्या टोकाचा लहान पिनियन मोठ्या क्राऊनच्या तिरप्या दातांत दात घालून फिरतो. दोघांमधली फट जरा जास्त राहिली की धक्का बसतो, जरा कमी राहिली की दात तापतात आणि झिजतात. आडव्या मांडणीत साधलेली सगळी बचत उभ्या मांडणीत परत द्यावी लागते.

एवढ्यावर भागत नाही. इंजिनच्या मागे लांब गिअरबॉक्स येतो, तो माणसांच्या पायांमधल्या जागेत घुसतो. शाफ्टला तळातून वाट लागते. डिफरन्शिअलला मागे जागा लागते आणि त्याचा ताण सोसणारी चौकट लागते. मागची चाकं आजवर नुसती घरंगळत होती, आता ती ढकलणार. म्हणून झेडटी २६० ला मागचं मल्टिलिंक सस्पेन्शन नव्याने करावं लागलं. रेडिएटर, सायलेन्सरचे पाइप, ब्रेक, स्प्रिंग, कशालाही जुन्या जागी जुन्या मापात राहू देता आलं नाही.

एक गोष्ट कामी आली. ७५ च्या तळात मधोमध उंच, रुंद बोगदा आधीपासून होता. त्यावरून ती मुळात मागच्या चाकांना जोर देणारी बीएमडब्ल्यूच असावी अशी अफवा पसरली. खरं कारण वेगळं होतं: सांगाडा मजबूत राहावा, खड्ड्यांत पिळवटू नये, म्हणून तो बोगदा ठेवला होता. सांगाड्यासाठी दिलेला हा कणा पुढे शाफ्टची वाट झाला. तरीही सांगाडे नेहमीच्या लाइनवरून बाजूला काढून त्यांवर वेगळं काम करावं लागे, म्हणून गाड्या सावकाश आणि थोड्याच बनल्या.

तयार झालेली गाडी २६० अश्वशक्तीची, ४१० न्यूटन-मीटर टॉर्कची, पाच गिअरची. ताशी साठ मैलांचा वेग साधारण सव्वासहा सेकंदांत, कमाल वेग ताशी सुमारे २५० किलोमीटर. बाहेरून ओळखायची खूण मागच्या चार नळ्या आणि एक आकडा. हिचीच रोव्हर आवृत्ती, ७५ व्ही-एट, २००४ मध्ये आली. २००३ च्या सप्टेंबरात याच मांडणीच्या एका स्टेशन वॅगनने, सहा लिटरचं इंजिन घेऊन, अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर ताशी २२५.६०९ मैल, म्हणजे सुमारे ३६३ किलोमीटर वेग गाठला.

मराठी वाचकाने याच वर्षाची आणखी एक नोंद ठेवावी. २००३ मध्येच रोव्हरच्या दुकानांत सिटीरोव्हर नावाची छोटी गाडी आली. ती टाटा इंडिकाच होती, पुण्यात बनलेली: १.४ लिटर, इंजिन आडवं, जोर पुढच्या चाकांना. मिनीने घालून दिलेली मांडणी पुण्याहून इंग्लंडला जात होती, आणि लाँगब्रिज स्वतः ती मांडणी उलटी फिरवत होतं.

हा खर्च कंपनीला परवडणारा होता का? नव्हता, असंच म्हणावं लागतं. तिला खरी गरज होती ती मधल्या आकाराच्या नव्या घरगुती गाडीची, आणि ती गाडी कधी आलीच नाही. एप्रिल २००५ मध्ये कंपनी बुडाली, सुमारे सहा हजार लोकांच्या नोकऱ्या गेल्या. व्ही-एट गाड्या सगळ्या मिळून हजाराच्या आत. त्यांनी कंपनी वाचवली नाही आणि बुडवलीही नाही. पण ज्या कारखान्याला जुनाट ठरवून लोक हात झटकत होते, तिथले इंजिनिअर आणि कामगार तुटपुंज्या पैशात गाडीचा सगळा हिशेब नव्याने मांडू शकत होते, याचा पुरावा त्यांनी मागे ठेवला. या कौशल्याला ताळेबंदात रकाना नसतो, आणि कारखाना बंद होताना सर्वांत आधी तेच पांगतं.

पुढे ७५ चे आराखडे आणि यंत्रं चीनमध्ये गेली. तिथे ती रोवे ७५० आणि एमजी ७ या नावांनी निघाली, पण दोन्ही पुढच्या चाकांच्याच. रोव्हर हे नाव आधी फोर्डने घेतलं आणि २००८ मध्ये जग्वार-लँड रोव्हरबरोबर ते टाटांकडे आलं. मागच्या चाकांची मांडणी मात्र कुणीच पुढे नेली नाही. मस्टँगच्या इंजिनचे सुटे भाग अजूनही मिळतील. इंजिन फिरवण्यासाठी लाँगब्रिजने जे वेगळं घडवलं, ते मागचं सस्पेन्शन, त्या चौकटी, ते बदललेले तळ पुन्हा कुणी बनवणार नाही. ज्यांच्याकडे या गाड्या आहेत त्यांनी त्या रस्त्यावर चालत्या ठेवाव्यात आणि शिकणाऱ्या पोरांना जॅकवर चढवून खालून दाखवाव्यात. मोठं इंजिन बसवायचं म्हणजे गाडीत काय काय बदलावं लागतं, याचा संपूर्ण धडा तिथे खाली आहे.